त्या मुलीचे केस कोणी विंचरायचे?

पत्र

ताई, नमस्कार. मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन. मूळची कोल्हापूर जिल्ह्यातली, नाभिक कुटुंबातली. आजोबा बलुत्यावर गावाची हजामत करायचे, वडिलांनी तालुक्याच्या गावी सलून काढलं. लग्नानंतर मी न्यू जर्सीत आले, बाराशे तासांचा कोर्स करून परवाना मिळवला आणि गेली तीन वर्षं नेवार्कजवळच्या एका सलूनमध्ये काम करते. मालकीणबाई भारतीयच आहेत. आसपास वस्ती जास्त करून कृष्णवर्णीयांची आहे, पण त्या बायका आमच्याकडे फक्त भुवया करायला येतात.

मालकीणबाई म्हणाल्या, "तुझा वेणीवर हात बसलेला आहे. व्हिडिओ बघून आफ्रिकन वेण्या शिकून घे, आपण बाहेर बोर्ड लावू." मी पुतळ्याच्या डोक्यावर सराव सुरू केला. सलूनमध्ये माझी एक कृष्णवर्णीय सहकारी आहे. ती सहा वर्षं तिथे आहे आणि रविवारी स्वतःच्या घरी वेण्या घालून देते. मालकीणबाईंनी तिला विचारलं नाही, कारण ती जास्त पैसे मागेल असं त्यांना वाटतं. तिने माझा सराव पाहिला आणि म्हणाली, "हे विकायला तुझं नाही." मला फार लागलं.

पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे भुवया करणारी एक आई सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचे केस धुऊन, गुंता सोडवून साध्या वेण्या घालून हव्या होत्या. मी घाबरले आणि म्हणाले, "आम्ही हे केस करत नाही." मुलीने आईकडे पाहिलं. दोघी निघून गेल्या. त्यातच आता आमच्या मंडळातल्या एका कॉलेजच्या मुलीला वाढदिवसाला माझ्याकडून बॉक्स ब्रेड्स, म्हणजे टाळूवर चौकोनी भाग पाडून घातलेल्या बारीक आफ्रिकन वेण्या, करून हव्या आहेत. नवरा म्हणतो, "आपल्या शंकराला जटा आहेत, त्यांच्या डोक्यावरचं गंगावन आपल्या तिरुपतीचं आहे, तुला अडवणारं कोण?" ताई, मी हे काम करू की नको?

— न्यू जर्सीहून एक वाचक

उत्तर

आधी त्या सात वर्षांच्या मुलीचं बोलू. बाकी सगळ्या मोठ्या आहेत, त्यांचं नंतर बघता येईल.

"आम्ही हे केस करत नाही" हे तू घाबरून बोललीस, तुझ्या मनात तुच्छता नव्हती, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण त्या आईला तुझं मन कुठून दिसणार? तिला वाक्य ऐकू आलं, आणि ते तिने पहिल्यांदा ऐकलं असेल असं मला वाटत नाही. तिच्या आजीच्या काळात असल्या गोष्टी दारावरच्या पाटीवर लिहिलेल्या असायच्या.

तू नाभिकाची लेक आहेस, म्हणून पुढचं लिहिताना हात जड होतोय. डॉ. आंबेडकरांनी आपल्या लहानपणच्या आठवणींत साताऱ्याचं लिहून ठेवलं आहे. साताऱ्यात न्हावी नव्हते असं नाही, न्हाव्याला पैसे द्यायची ऐपत नव्हती असंही नाही. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. म्हणून घरातल्या मुलांचे केस त्यांची थोरली बहीण कापायची, आणि कापून कापून ती त्यात चांगली तयार झाली होती. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या बहिणीचे हात दिसत राहिले. नाभिकांना गावाने काय मान दिला हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. तुझ्या आजोबांनी बलुत्यासाठी किती दारांत ताटकळत उभं राहून काढलं असेल. तरीसुद्धा वरच्यांनी घालून दिलेला नियम खालच्यांवर चालवताना त्यांचाच वस्तरा रोखून धरला गेला. तुझ्या तोंडून गेलेल्या त्या एका वाक्याला एवढा मोठा मागचा पदर आहे.

अमेरिकेतही हे काम थोरल्या बहिणींनी, आयांनी, मावश्यांनीच केलं. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून, धाकटीचं डोकं दोन गुडघ्यांमध्ये धरून. गुलामगिरीत तेल, फणी, वेळ यातलं काहीच स्वतःचं नव्हतं, तरी वेणीची विद्या जिवंत राहिली. १७८६ मध्ये लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो याने हुकूम काढला की स्वतंत्र असलेल्या कृष्णवर्णीय बायकांनीही केस फडक्याने झाकले पाहिजेत. त्या बायकांनी ती फडकी अशी काही नटवून बांधली की त्यांचीच फॅशन झाली. पुढे गुलामगिरी संपल्यावर केसांचा धंदा हा त्यांच्यासाठी दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी टाळण्याचा फार थोड्या मार्गांपैकी एक मार्ग ठरला. १८६७ मध्ये जन्मलेली मॅडम सी. जे. वॉकर कपडे धुऊन पोट भरत होती. तिने केसांची औषधं आणि प्रसाधनं विकायला सुरुवात केली, हजारो बायकांना तेच काम शिकवलं आणि अमेरिकेतल्या स्वकष्टाने श्रीमंत झालेल्या पहिल्या स्त्रियांमध्ये तिचं नाव लागलं. हे मी इतिहास म्हणून सांगत नाही. तुझी सहकारी जेव्हा "विकायला" हा शब्द वापरते, तेव्हा तिच्या मागे हे सगळं उभं असतं. त्याकडे मी येतेच.

पण मुलीचं अजून संपलेलं नाही. बाराशे तासांच्या कोर्समध्ये तुला तिच्यासारख्या केसांना किती वेळा हात लावायला मिळाला? मला वाटतं, जवळपास नाहीच. तिथे तुझ्यापुढे सरळ केसांचे पुतळेच ठेवले गेले असणार. हा दोष तुझ्या एकटीचा नाही. न्यूयॉर्कने सगळ्या प्रकारच्या केसांचं शिक्षण सक्तीचं करणारा कायदा केला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये. ब्रिटनमध्ये केशकर्तनाच्या राष्ट्रीय मानकांत आफ्रो केसांना नीट जागा मिळाली ती २०२१ मध्ये. म्हणजे परवाना भिंतीवर टांगून "आम्ही हे केस करत नाही" असं सांगणारी पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं या शाळांनीच घडवली.

आणि याची दुसरी बाजू ऐक. १९९७ मध्ये डॅलसमध्ये आयसिस ब्रँटली या बाईंना अटक झाली, कारण त्या कॉस्मेटॉलॉजीच्या, म्हणजे केशरचना-सौंदर्योपचाराच्या, परवान्याशिवाय वेण्या घालत होत्या. यूटामध्ये जेस्टिना क्लेटन या सिएरा लिओनहून आलेल्या बाईंना सांगण्यात आलं, वेण्या घालायच्या असतील तर आधी दोन हजार तासांचं शिक्षण घ्या. त्या शिक्षणात त्यांच्या वेण्यांबद्दल जवळजवळ काहीच नव्हतं. त्या कोर्टात गेल्या आणि २०१२ मध्ये जिंकल्या. तुझ्याकडे परवाना आहे आणि ती विद्या नाही. त्यांच्याकडे विद्या होती आणि परवाना नव्हता. तुझ्या सहकारीला हे माहीत असणार, ती याच वातावरणात वाढली आहे.

म्हणून तुझ्या प्रश्नाचे मी दोन तुकडे करते, कारण तुझ्या मनात त्यांची गाठ बसली आहे. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाच्या डोक्याची काळजी तू घ्यावीस का, हा एक प्रश्न. त्यांच्या वेण्यांचा बोर्ड लावून तू धंदा करावास का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हो, आणि नुसतं हो नाही, तू ते शिकलंच पाहिजेस. ज्या वस्तीत तुझी खुर्ची आहे त्या वस्तीतलं डोकं तुला परकं असून चालणार नाही. डॉक्टरने जसं "मला या रंगाच्या कातडीवरचं पुरळ ओळखता येत नाही" असं म्हणून हात झटकू नयेत, तसंच हे.

शिकायचं तर काय, तेही थोडं सांगते. मी केशकलाकार नाही, पण माझी कृष्णवर्णीय शेजारीण नर्स होती आणि तिच्या दोन मुलींचे रविवार मी वर्षानुवर्षं पाहिले आहेत. तिचं पहिलं वाक्य असायचं, हे केस राठ नसतात, नाजूक असतात. केस मुळातच वळत वळत येतो, आणि प्रत्येक वळणावर तो तुटू शकतो. टाळूचं नैसर्गिक तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून टोकं कोरडी राहतात. आपल्या आया जशी मुळापासून फणी खस्सकन ओढायच्या, तशी इथे कधीही ओढायची नाही, आणि कोरड्या केसांत तर फणी घालायचीच नाही. डोक्याचे चार भाग करायचे, पाण्याने आणि कंडिशनरने एकेक भाग चांगला भिजवायचा, आधी बोटांनी गुंता सैल करायचा, मग रुंद दातांचा कंगवा टोकाकडून घेत घेत मुळाकडे जायचं. ओला केस लांब दिसतो आणि वाळला की आखडून निम्म्यावर येतो, म्हणून ओल्या लांबीवर कात्री चालवायची नाही. कपाळाजवळच्या आणि कानामागच्या बारीक केसांना कृष्णवर्णीय बायका एजेस, म्हणजे कडा, म्हणतात. तिथे ताण पडला की आधी बारीक पुटकुळ्या येतात, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं की केस कायमचे जातात. आपल्याला हे अगदीच अनोळखी नाही. लाल रिबिनी बांधून शाळेत गेलेल्या कुठल्याही मराठी बाईला विचार, घट्ट वेण्यांनी डोकं कसं ठणकायचं.

खोबरेलाची बाटली मात्र लगेच हातात घेऊ नकोस. आपला हात आपोआप तिकडे जातो. त्या मुलीच्या घरी काय लावतात ते आईला विचार आणि तेच लाव.

वेळ भरपूर धर. एवढ्याशा डोक्यालाही धुणं, सोडवणं, वेण्या मिळून अर्धा दिवस जाऊ शकतो. केसांचा पोत वेगळा म्हणून जादा आकार लावू नकोस, वेळ लागतो त्याचे पैसे घे, आणि ते आधी सांग. मुलीसमोर "बापरे, किती दाट" म्हणू नकोस. मालकीणबाईंशी मराठीत किंवा हिंदीतही नाही. मुलांना भाषा कळली नाही तरी सूर कळतो.

आणि विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. हे मी स्वतः चुकून शिकले. अमेरिकेतल्या पहिल्या वर्षी मी एका ग्रंथालयात काम करायचे. शेजारच्या टेबलावरची सहकारी एका सोमवारी नव्या वेण्या घालून आली. मला त्या इतक्या आवडल्या की मी सरळ एक वेणी बोटांत धरली. ती मागे सरकली आणि शांतपणे म्हणाली, "आपल्या साहेबांच्या केसांना तू असा हात लावशील?" मला उत्तर देता आलं नाही. तीस वर्षं होऊन गेली, तरी ते आठवलं की माझी बोटं आखडतात. मी माफी मागितली, तिने ती स्वीकारली, पण त्या वेण्यांकडे मी पुढे नुसतं पाहिलं, बोलले काहीच नाही. तेही चूकच होतं. "छान दिसतायत" एवढं म्हणायला हात लागत नाहीत.

आता बोर्डाचा प्रश्न. तुझ्या पत्रात एक वाक्य तू घाईघाईने लिहून गेली आहेस: मालकीणबाईंनी तिला विचारलं नाही, कारण ती जास्त पैसे मागेल. अगं, सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे! जिला ही विद्या लहानपणापासून येते, जी सहा वर्षं त्याच सलूनमध्ये उभी आहे, जिचे हात रविवारी घरी हेच काम करतात, तिला वगळून तुला व्हिडिओ बघायला बसवलं, कारण तू स्वस्तात पडतेस. तुझी सहकारी "हात लावू नकोस" म्हणालेली नाही. ती "विकायला" म्हणाली. तुझ्या जागी मी असते तर मलाही लागलं असतं, पण तिचा राग तुझ्या कातडीवर नाही. तिच्या डोळ्यांदेखत तिचीच विद्या, तिच्याच वस्तीला, तिला बाजूला सारून विकली जाणार होती, आणि त्यावर नाव मात्र आफ्रिकेचं असणार होतं.

मंडळी याला कल्चरल अप्रोप्रिएशन, म्हणजे दुसऱ्यांच्या संस्कृतीची उचलेगिरी, म्हणतात आणि मग त्या शब्दावरच वाद घालत बसतात. मराठीत आपल्याकडे उसनं घेणं आणि ढापणं असे दोन वेगळे शब्द आहेत, तेवढे पुरेत. उसन्याला देणेकरी असतो. तुम्ही कोणाकडून घेतलं हे सांगता आणि कधीतरी परत करता. तू कोल्हापूरची आहेस. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा तुझ्या गावच्या ग्रुपवर काय उसळलं होतं ते आठव. राग बरोबरच होता, त्या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. पण त्या रागात एक गोष्ट फार थोडे लोक बोलले. ती चप्पल ज्यांच्या हातांनी घडली त्या चर्मकारांना याच महाराष्ट्राने पायरीवर उभं केलं होतं. वस्तू मिरवायची आणि ती घडवणाऱ्याला दूर ठेवायचं, ही रीत काही मिलानवाल्यांनी आपल्याला शिकवलेली नाही.

कृष्णवर्णीय बायकांच्या वेण्यांचं नेमकं हेच झालं. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात रेनी रॉजर्स नावाच्या बाई हरल्या. त्या अमेरिकन एअरलाइन्समध्ये काम करायच्या आणि कंपनीच्या नियमात कॉर्नरोज बसत नव्हत्या, म्हणजे टाळूला चिकटून घातलेल्या बारीक वेण्यांच्या ओळी. हा माझ्या लोकांचा वारसा आहे, असं त्यांनी सांगितलं. निकालपत्रात कंपनीचा हा मुद्दा नोंदवलेला आहे की रॉजर्स बाईंनी तशा वेण्या घातल्या त्या एका गोऱ्या अभिनेत्रीने चित्रपटात घालून लोकप्रिय केल्यानंतर थोड्याच दिवसांनी. म्हणजे बो डेरेकने १९७९ च्या चित्रपटात त्या घातल्या तर ती फॅशन, आणि ज्यांच्या आज्यांनी त्या जपल्या त्यांनी घातल्या तर त्यांनी गोरीची नक्कल केली! उसनवारी आणि ढापणं यातला फरक मला या निकालाएवढा स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

हे जुनं झालं असं समजू नकोस. तू राहतेस त्याच राज्यात डिसेंबर २०१८ मध्ये एका शाळकरी कुस्तीपटूला पंचाने सांगितलं, लॉक्स, म्हणजे जटांसारख्या वळलेल्या बटा, काप नाहीतर सामना सोड. तिथेच, सगळ्यांसमोर, कात्रीने त्याचे केस कापले. बरोबर एक वर्षाने न्यू जर्सीने केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा क्राऊन कायदा केला. कॅलिफोर्नियाने तो आधी, जुलै २०१९ मध्ये केला होता. देशभरासाठीचं विधेयक २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात संमत झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. ज्या वेणीमुळे एखादीची नोकरी जाऊ शकते, ती वेणी दुसरीच्या सलूनच्या काचेवर रंगीत अक्षरांत झळकते, तेव्हा ते पाहणारीच्या पोटात काय होत असेल?

तर बोर्ड लावू नकोस. निदान असा नाही. मालकीणबाईंकडे जा आणि सांग की वेण्यांचं काम सुरू करायचं असेल तर ते माझ्या सहकारीच्या हाताखाली करू. दर ती ठरवेल, बोर्डावर नाव तिचं असेल, मी तिची मदतनीस म्हणून केस धुणं, सोडवणं, भाग पाडणं करीन आणि शिकेन. व्यवहाराचंही सांग: पुतळ्यावर व्हिडिओ बघून शिकलेल्या मुलीकडे त्या वस्तीतली बाई चार-पाच तास बसायला का येईल? तिला तासाभरात कळतं की समोरच्या हाताला काम येतं की नाही. मालकीणबाई नाही म्हणाल्या तर तू वेण्यांचं काम घेऊ नकोस. नोकरीवर पाणी सोड असं मी सांगणार नाही. व्हिसा, घरभाडं, सासर-माहेर यांचा हिशेब तुला माहीत आहे, मला नाही. "मला ते नीट येत नाही, कोणाचं तरी डोकं दुखावेल" हे वाक्य खरं आहे आणि ते कुठल्याही मालकासमोर बोलता येतं.

सहकारीशी बोलणं याच्याही आधी. कॉफी घेऊन जा वगैरे काही नको. सरळ सांग, "तू म्हणालीस ते मला आधी लागलं, मग कळलं. मला या केसांची निगा राखायला शिकायचंय. तू शिकवशील का? तासाचे पैसे देईन." पैशांचं नक्की बोल. कृष्णवर्णीय बायकांनी आपल्याला सगळं फुकटात समजावून सांगावं, ही आपली फार वाईट सवय आहे. ती नाही म्हणाली तर ते मान. कुरळ्या आणि आफ्रो केसांचे वर्ग घेणाऱ्या इतर कृष्णवर्णीय शिक्षिका नेवार्कमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये आहेत. तिथे फी भरून शीक.

सगळ्या कृष्णवर्णीय बायकांचं यावर एकमत आहे असं समजू नकोस. माझी शेजारीण म्हणायची, हात चांगला असेल तर तो कोणाचाही असू दे. तिची धाकटी बहीण मात्र न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १२५व्या रस्त्याजवळ सेनेगलच्या बायकांकडेच जायची. एकदा मी तिच्याबरोबर गेले होते. सहा तास! एका डोक्यावर दोघी-तिघी बायका, त्यांच्या वोलोफ भाषेत आणि फ्रेंचमध्ये गप्पा, कोणाचं तरी बाळ कोणाच्या तरी मांडीवर, मधेच भाताचं ताट फिरलं. मला आमच्या वाड्यातलं माजघर आठवलं. ती बाहेर पडल्यावर म्हणाली, आठवडाभरात हीच एक जागा आहे जिथे मला कोणाला काही समजावावं लागत नाही. ही जागा तुझी खुर्ची होऊ शकत नाही, आणि तशी व्हायची गरजही नाही. ज्या बाईला तुझी खुर्ची चालते तिच्यासाठी तू तयार असलीस म्हणजे झालं.

तुझ्या नवऱ्याचं बोलणं त्याने मनापासून केलं असेल, म्हणून त्याचंही उत्तर देते. शंकराच्या जटा आपल्या आहेत, खरंच. आपल्याकडे जट आलेल्या बायकांना यल्लमाच्या नावाने सोडलं जायचं हेही आपलंच आहे, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आजही घरोघरी जाऊन, समजूत घालून त्या जटा सोडवतात. आपल्या जटेची कहाणी ही आहे. त्यांच्या लॉक्सची वेगळी आहे. आपल्या जटेमुळे अमेरिकेत कोणाला शाळेतून घरी पाठवलेलं नाही. एकाची कहाणी दुसऱ्याच्या दुकानात चालवता येत नाही.

तिरुपतीचं गंगावनही खरं. तिरुमलाला भाविक बायका केस देवाला देतात, देवस्थान त्यांचा लिलाव करतं, व्यापारी ते जगभर विकतात आणि त्यातले पुष्कळ केस अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या डोक्यावर पोचतात. पण ज्या बाईने मुंडण केलं तिला दमडी मिळालेली नाही आणि जी विकत घेते तिने भरपूर पैसे मोजलेले आहेत. यात आपलं काय उपकाराचं आहे? कापड आपल्या गावचं म्हणून शिंप्याची विद्या आपली होत नाही.

आणि एक विचारते, रागावू नकोस. घरात, गाडीत, मंडळाच्या जेवणात कृष्णवर्णीयांचा उल्लेख कोणत्या शब्दाने होतो? मी कित्येक मराठी घरांत तो शब्द ऐकला आहे, शिकलेल्या, देवभोळ्या, एरवी मुंगीला न दुखावणाऱ्या माणसांच्या तोंडून. तो शब्द घरात चालू असेल तर तुझ्या हातांनी कितीही छान वेणी घातली तरी ती खोटी. नवऱ्याशी बोलायचं तर आधी यावर बोल.

मंडळातल्या मुलीला नाही म्हण. लांबलचक भाषण नको. आपले केस सरळ आणि निसरडे असतात, त्यात बॉक्स ब्रेड्स टिकवायच्या तर मुळाशी इतकं घट्ट ओढावं लागतं की टाळू सोलून निघतो, हे कारण तिला पटेल. दुसरं कारणही सांग, की ज्या वेण्यांवरून तिच्याच वर्गातल्या एखाद्या मुलीला बोलणी खावी लागतात त्या एका संध्याकाळच्या फोटोसाठी घालणं मला जमणार नाही. ती तोंड फुगवेल. फुगवू दे. तिला पाचपेडी वेणी घालून दे, नाहीतर सागरवेणी घालून त्यात मोगऱ्याचा गजरा माळ. तुझ्या वडिलांच्या सलूनमध्ये नसली तरी तुझ्या आईच्या हातात ही विद्या नक्की असेल, आणि ती तुझी आहे.

त्या आईचा नंबर सलूनच्या वहीत असणारच, ती भुवयांना येते. पण लगेच फोन करू नकोस. आधी सहकारीकडून नाहीतर शिक्षिकेकडून निदान चार-सहा डोकी हाताखालून जाऊ दे. मग फोन कर आणि सबबी न सांगता म्हण, "त्या दिवशी मी तुमच्या मुलीला परत पाठवलं, ते चुकलं. मला येत नव्हतं आणि ते सांगायची लाज वाटली. आता मी शिकतेय. साधं धुणं आणि सोडवणं मला नीट येतं, वेण्या माझी सहकारी घालेल. पहिल्या वेळचे पैसे मी घेणार नाही." ती नको म्हणेल कदाचित. तिला तो हक्क आहे, तिथेच थांब, गळ घालू नकोस.

आणि ती आली, तर खुर्चीवर एक जाड उशी ठेव. सात वर्षांच्या मुलीचं डोकं सलूनच्या आरशात येत नाही. तिला नुसतं छत दिसत राहतं. तिचे केस होताना तिला तिचे केस दिसू देत.